परदेशी जाताना मनाची औषधं: शेवटची स्ट्रिप संपण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडला गेले तेव्हा माझ्या बॅगेत दीड महिन्याची व्हेन्लाफॅक्सीन, म्हणजे नैराश्यावरची गोळी, होती. तोवर कुणीतरी डॉक्टर भेटेलच, असं मी धरून चालले होते. नाशिकला मी सकाळी फोन करून संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसलेली आहे. तिथे घर मिळेपर्यंत महिना गेला. पत्त्याच्या पुराव्याशिवाय नोंदणी होणार नाही, असं मनाशीच ठरवून मी थांबले. डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. मान वळवली की डोक्यात वीज सळसळायची, रात्री घामाने उशी ओली व्हायची. मला वाटलं, आजार उलटला. पण तो औषध एकदम तुटल्याचा त्रास होता. क्लोनाझेपामसारखी चिंतेवरची गोळी बरेच दिवस घेऊन अचानक बंद झाली तर फिटही येऊ शकते.

इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावाही लागत नाही आणि ओळखपत्रही लागत नाही. हे मला नंतर कळलं. पोचलेल्या आठवड्यातच ते काम करायला हवं होतं.

थेट तज्ज्ञाकडे जाऊ, असं धरून चालणं

आपल्याकडे पैसे भरले की तज्ज्ञ भेटतो. ब्रिटन, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे साधारणपणे फॅमिली डॉक्टरच्या दारातूनच आत जावं लागतं. नैराश्याच्या, चिंतेच्या गोळ्या बहुतेक वेळा तोच लिहून देतो आणि तज्ज्ञाकडे पाठवतो ते आजार गुंतागुंतीचा असेल तर. आपल्या माणसांच्या मनाला हे लागतं. 'साधा एमबीबीएस माझ्या मनाचं काय बघणार' म्हणून ते परत जातच नाहीत. कृपा करून असं करू नका. तो डॉक्टर हे काम रोज करतो, आणि पुढच्या दाराची किल्ली त्याच्याकडेच असते. इंग्लंडमध्ये बोलण्याच्या उपचारांसाठी मात्र तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'कडे स्वतःच नाव देता येतं.

जर्मनीत गोळ्या लिहिणारा आणि थेरपी देणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. मानसशास्त्राकडून आलेला थेरपिस्ट गोळ्या लिहू शकत नाही. थेरपीची जागा मिळायला महिने लागतात, त्यात इंग्रजी बोलणारा हवा असेल तर आणखी थांबावं लागतं. ११६११७ या नंबरवरून पहिली भेट ठरवून मिळते. गोळ्यांसाठीचा डॉक्टर त्याच आठवड्यात वेगळा शोधा, थेरपिस्टची वाट बघत बसू नका.

अमेरिकेत आधी विम्याचं कार्ड बघावं लागतं. तुमच्या विम्याच्या यादीतले कोणते डॉक्टर नवे पेशंट घेतात, हे फोन करूनच कळतं. विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र गाठावं.

इथली चिठ्ठी जशीच्या तशी नेणं

ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं, पुढे 'प्लस', त्यापुढे १-०-१. 'प्लस' म्हणजे पुष्कळदा एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाच्या जोडीला त्याच गोळीत क्लोनाझेपाम. पाश्चात्त्य देशांत अशी जोडगोळी मिळत नाही आणि तिथला डॉक्टर क्लोनाझेपाम चालू ठेवायला सहसा तयार होत नाही. एटिझोलाम हे चिंतेवरचं औषध आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ते मान्यताप्राप्त औषध नाही, आणि ब्रिटनमध्ये २०१७ पासून ते नियंत्रित अमली पदार्थांच्या यादीत आहे. चिंता-नैराश्यासाठी दिली जाणारी फ्लुपेंटिक्सॉल-मेलिट्रासेनची जोडगोळी आणि आपल्याकडची ॲमिसल्प्राइडची, म्हणजे सायकोसिसवरची, गोळीही अमेरिकेत मिळत नाही.

म्हणून निघण्याच्या किमान तीन महिने आधी आपल्या डॉक्टरांना विचारा: हे औषध त्या देशात मिळतं का? मिळत नसेल तर बदल इथेच, त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू होऊ दे. स्वतःहून एकही गोळी कमी करू नका. टाइप केलेलं एक पत्र घ्या. त्यात निदान, औषधांची मूळ नावं, मिलिग्रॅम, कधीपासून चालू आहेत, आधी कोणती घेऊन उपयोग झाला नाही, हे सगळं असू दे. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनीचे शेवटचे रिपोर्ट जोडावेत. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण घामाने अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते.

'औषधच तर आहे' म्हणून बॅगेत टाकणं

संयुक्त अरब अमिरातीत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रीगाबालिन ही नियंत्रित औषधं आहेत. निघण्याआधी सरकारी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेलं एडीएचडीचं (लक्ष न टिकण्याच्या त्रासाचं) औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही, आणि एक महिन्यापेक्षा जास्त गोळ्या नेताना आधी आयातीचा दाखला काढावा लागतो. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, बिलासकट, हातातल्या बॅगेत ठेवा. आठवड्याच्या डबीत भरून नेऊ नका. संपल्यावर घरून कुरियर मागवणं अनेक देशांत बेकायदा आहे आणि पार्सल अडकलं की गोळ्यांविना दिवस काढायची तीच वेळ पुन्हा येते.

आईवडिलांना सगळं कळेल, असं समजणं

सोळा तासांवरच्या आईला वाटतं, विद्यापीठात फोन केला की कळेल. मुलगा अठरा वर्षांचा झालेला असला की अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये, त्याच्या संमतीशिवाय, 'तो आमच्याकडे येतो की नाही' हेही सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे फी भरणारा बाप डॉक्टरांसमोर बसलेला असतो, त्यामुळे हे उत्तर कानावर पडलं की घरच्यांचा जीव तुटतो. उपाय सोपा आहे. बरं वाटत असतानाच विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात संमतीचा फॉर्म भरून ठेवा. त्यात कुणाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवता. नको असेल तर भरू नका, पण घरी तसं सांगून ठेवा.

जीव घाबरा झाल्यावर फक्त भारतात फोन लावणं

इथल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून धीर मिळतो, पण त्यांची चिठ्ठी तिथल्या मेडिकलमध्ये चालत नाही आणि रात्री दोन वाजता ते दारात येऊ शकत नाहीत. अशा वेळी लावायचे नंबर असे: अमेरिका आणि कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय, जर्मनीत ०८०० १११०१११, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. मागे राहिलेल्यांनाही आधार लागतो. त्यांच्यासाठी टेली-मानस ही भारत सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. हे नंबर विमानतळावर जाण्याआधी फोनमध्ये घाला, तुमच्याही आणि आईच्याही.