गिअर खरखरतो, पण नेमका कधी?

डिप्लोमा घेऊन मी पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो तेव्हा गिअर रेशोची गणितं मला तोंडपाठ होती, आणि गिअरबॉक्स एकदाही उतरवलेला नव्हता. उस्तादांनी पहिल्या दिवशी डिझेलचा ट्रे आणि ब्रश हातात दिला. पुढचे दोन महिने पार्ट धुण्यात गेले. तेव्हा राग यायचा. पण कुठला दात झिजलेला आहे आणि कुठला मुळातच तसा कापलेला आहे, हे बोटांना कळायला लागलं ते त्या ट्रेमध्येच.

जुन्या गाड्यांच्या कामात येणाऱ्या पोरांची सगळ्यात पहिली चूक गिअरबॉक्समध्ये होते. माझीही तिथेच झाली.

सदाशिव पेठेतल्या एका काकांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आली होती. तक्रार एवढीच, "गिअर टाकताना खर्र होतं." उस्ताद लग्नाला गावी गेलेले. मला वर्ष झालं होतं, म्हणजे अक्कल कमी आणि हिंमत भरपूर. मी सरळ प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडला, गिअरबॉक्स खाली घेतला, पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) बदलल्या. चार दिवस गेले. गाडी बाहेर काढली, गिअर टाकला, आणि खर्र.

उस्ताद आले. त्यांनी टूलबॉक्सला हातही लावला नाही. सीटवर बसले, इंजिन आयडलला ठेवलं, क्लच पूर्ण दाबला, मनात पाचपर्यंत मोजलं आणि रिव्हर्स टाकला. खर्र. मग खाली वाकून पेडलखालून मॅट ओढली. रबरी मॅट, आणि तिच्यावर काथ्याची दुसरी. पावसाळ्यात गाडीत चिखल नको म्हणून काकांनी घातलेली. दोन्ही काढल्यावर पेडल दोन बोटं जास्त खाली गेलं आणि रिव्हर्स निमूट पडला.

"बॉक्स उतरवायला तुला सांगितलं कोणी?" उस्तादांनी विचारलं. मी काय बोलणार! रिंगांचे पैसे माझ्या पगारातून गेले आणि ते योग्यच होतं. जुन्या रिंगा ठणठणीत होत्या. फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) लावला असता तरी ते तेव्हाच कळलं असतं.

रिव्हर्सची ही टेस्ट सगळ्यात आधी शिका. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. पद्मिनीत तर पहिल्यालाही नाही, दुसऱ्यापासून वरच आहे. क्लच दाबल्यावर इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो, आणि आतला शाफ्ट तेलाच्या ओढीने दोन-चार सेकंदांत थांबतो. थांबलेल्या शाफ्टवर गिअर वाजायचं काही कारणच नाही. लगेच टाकल्यावर वाजतो पण थांबून टाकला तर वाजत नाही, म्हणजे गाडी ठीक आहे, चालवणाऱ्याला घाई आहे. पाच सेकंद थांबूनही वाजतोय, म्हणजे शाफ्ट अजून फिरतोय, क्लच पूर्ण सुटत नाही. मग पेडलचं फ्री प्ले (क्लचवर जोर यायच्या आधीची मोकळी चाल) बघा, हायड्रॉलिक क्लच असेल तर तेल गळतंय का, लाइनमध्ये हवा आहे का ते बघा, केबल किंवा लिंकेज असेल तर ते किती ढिलं झालंय ते बघा. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, टोकातला छोटा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) जाम झाला तरी शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो, पण तिथपर्यंत बाकी सगळं तपासून झाल्यावरच पोचायचं.

मालकाला काय विचारता यावर अर्धं निदान अवलंबून असतं. "आवाज येतो का" हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या गिअरला? गिअर चढवताना की उतरवताना? गाडी थंड असताना की कात्रजचा घाट चढून आल्यावर? गिअर पडतानाच, की पडल्यानंतर चालताना? यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पडल्यानंतर येणारी हूंऽऽ ही बेअरिंगची किंवा दात झिजल्याची गोष्ट, तिचा सिंक्रोशी संबंध नाही. मालक दोन्हीला "आवाज"च म्हणतो.

सगळे गिअर वाजत असतील तर क्लच किंवा तेल. एकच वाजत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रो. आणि तो एक बहुतेक वेळा दुसराच असतो. आपल्या पेठांमधून गाडी चालवून बघा, कारण कळेल. दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर. पहिल्याला सिंक्रो नाही म्हणून चालवणारा गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकत नाही, तिसऱ्यातून दुसऱ्यात खेचतो. दिवसातून दोनशे वेळा मार खाणार तो दुसराच.

सिंक्रो काय करतो हे मला उस्तादांनी बसवरून समजावलं. चालती पीएमटी पकडायची तर आधी दोन पावलं तिच्याबरोबर पळायचं, वेग जुळला की दांडी धरायची. पितळी रिंग ते पळण्याचं काम करते. गिअरच्या शंकूसारख्या भागावर (कोनवर) घासून ती गिअर आणि शाफ्ट दोघांचा वेग एक करते, मग स्लीव्हचे (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे) दात आत जातात. रिंग झिजली की ते पळणं बंद होतं, आणि माणूस उभ्या जागेवरून दांडीला झोंबतो. त्याचा जो आवाज होतो तो खर्र.

म्हणूनच डबल क्लच मारून बघायचा. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अॅक्सिलरेटर, परत क्लच आणि दुसरा. असं केल्यावर गिअर निमूट पडला, म्हणजे वेग तुम्ही पायाने जुळवलात, रिंगेचं काम तुम्ही केलंत. रिंग गेली. मी ही ट्रायल दिवे घाटाच्या रस्त्यावर घेतो, गर्दीत पाय आणि कान दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

पद्मिनीत अजून एक भानगड आहे. तिचा गिअरचा दांडा स्टेअरिंगला, आणि तिथून बॉक्सपर्यंत रॉड आणि बुशांची साखळी. बुश झिजले की गिअर अर्धाच पडतो, खरखरतो, कधी सुटतोही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. तेव्हाही अडकत असेल तर बॉक्सकडे बघायचंच नाही, गाडीखाली झोपायचं आणि दुसऱ्याला दांडा हलवायला सांगायचं. कुठे हालचाल मरते ते डोळ्यांनी दिसतं. इंजिन माउंटिंग (इंजिनाखालचे रबरी आधार) खचलं असेल तरी हेच होतं.

तेलाबद्दल थोडं. "भारी" तेल म्हणून जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल ओतणारे खूप भेटतात. डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरांना) ते चांगलं, पण सिंक्रोच्या रिंगेला घासायला थोडी पकड लागते. जीएल-५ मध्ये ती पकड मिळत नाही, आणि त्यातली काही रसायनं पितळ खातात. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेड घाला, मित्राने सांगितलेली नको.

जुनं तेल मात्र फेकायचं नाही. पांढऱ्या वाडग्यात काढा, उन्हात धरा, थोडं बोटांवर चोळा. सोनेरी चमक दिसली तर ती रिंगेची भुकटी, लोहचुंबकाला चिकटणार नाही. चुंबकाला चिकटणारे काळे कण थोडे असतातच. पण नखाएवढा तुकडा आला तर मालकाला तिथेच बोलावून दाखवा, नंतर सांगितलं तर विश्वास बसत नाही.

एवढं सगळं झालं की मगच बॉक्स खोला. रिंग कोनवर हाताने दाबून फिरवा, चांगली असेल तर ती धरते. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फिलर गेजने तीन ठिकाणी मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. नाना पेठेत नवी म्हणून मिळणारी रिंगसुद्धा बसवायच्या आधी अशीच मोजा. एकदा मी नवी कोरी कॉपी रिंग मोजली तर तिची फट जुन्या झिजलेल्या रिंगेएवढीच निघाली. तेव्हापासून दुकानात जाताना खिशात गेज आणि हातात तो गिअर घेऊनच जातो. दुकानदार हसतात, पण देतात बघू.

शिकायचं कुठे? औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणी मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पाया पक्का होतो. डिप्लोमाही चालेल. पण त्यानंतर जुन्या गाड्यांच्या उस्तादाकडे वर्षभर राहाच, आणि वही ठेवा. प्रत्येक गाडीचं लक्षण, काय वाटलं, काय निघालं. माझ्या वहीचं पहिलं पान काकांच्या पद्मिनीचं आहे. काथ्याची ती मॅट त्यांनी परत नेलीच नाही. गाडीखाली झोपताना मी ती पाठीखाली घेतो, बरी आहे, टोचते थोडी.