मधपेटी विटेवर ठेवू नका, स्कंकचा हंगाम सुरू झाला

(अमेरिका-कॅनडात मधपेट्या, कोंबड्या, परसबाग सांभाळणाऱ्यांसाठी, फेब्रुवारीअखेर ते मे)

पेटी जमिनीलगत असेल तर याच आठवड्यात उचला, बाकीची कामे मागे राहिली तरी चालतील. पट्टेरी स्कंक (दुर्गंधी फवारा उडवणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा प्राणी) आता माजावर आहे, हिवाळ्याने रोडावलेला आहे आणि रात्रभर फिरतो.

तो पेटीचे दार पंजाने खरवडतो. पहारेकरी माश्या बाहेर आल्या की पंजाखाली घोळवून चघळतो, रस गिळून चोथा टाकतो. सकाळी फळीवर चिखलाचे ओरखडे, समोर तुडवलेले गवत आणि चोथ्याच्या गोळ्या दिसतात. मार्चमध्ये पेटीत बहुतेक हिवाळ्यातल्या जुन्याच माश्या असतात. नवी पिढी तयार व्हायच्या आत त्या संपल्या की राणी धडधाकट असूनही पेटीतली वसाहत कोलमडते. दोष राणीला जातो आणि दुकानदार नवी राणी विकतो. आमचा अंदाज असा, की शांत पेटी अचानक तापट झाली तर आधी दारासमोरची जमीन बघावी.

दार जमिनीपासून किमान 60 सें.मी. हवे, 90 उत्तम. तेवढ्या उंचीला त्याला मागच्या पायांवर उभे राहावे लागते आणि विरळ केसांच्या पोटावर डंख बसतात. 20 सें.मी.चे तीन-तीन सिमेंट ब्लॉक रचा, वर जाड लाकडे टाका, पेटी दाराकडे किंचित कलती ठेवा. जागा मात्र तीच ठेवा. आत्ता पेटी हलकी आहे, जूनमध्ये उचलवणार नाही. आवाजाची यंत्रे आणि कोल्ह्याच्या मुताच्या बाटल्या यांवर पैसे घालवू नका.

खुराडा: 12 मि.मी. जाळी, 30 सें.मी. खोल पुरून बाहेर वळवलेली. तिन्हीसांजेला दार बंद. अंडी संध्याकाळीच गोळा.

हिरवळीत स्कंकने उकरलेले शंकूसारखे खड्डे दिसले तर खाली हुमणी (गवताची मुळे खाणारी अळी) आहे. वसंतात मोठ्या झालेल्या अळीवर औषध फारसे चालत नाही, फुललेल्या क्लोव्हरवर (हिरवळीतले तिपानी गवत) पडले तर माश्याच मरतात.

मे-जूनमध्ये डेकखालचे स्कंकचे बीळ बुजवू नका, आत पिल्ले असतात.

स्कंकने पाय आपटून शेपटी उभारली की सावकाश मागे सरा, फवारा 3 मीटर सहज जातो. कुत्र्यावर उडाला तर टोमॅटोचा रस नको. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 1 लिटर, खाण्याचा सोडा पाव कप, भांड्यांचा द्रव साबण 1 चमचा. ताजे कालवा, डोळे वाचवा, 5 मिनिटांनी धुवा. उरलेले बाटलीत भरू नका, फुटते. स्कंक चावला असेल तर रेबीज धरूनच लगेच डॉक्टर गाठा.