मोठी एडीव्ही घ्यायचीय? मग आधी ती थांबवून बघा

ताशी शंभरला सगळ्याच मोठ्या एडीव्ही, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर बाइक, लोण्यासारख्या चालतात, त्यात पारखायचं काय. शोरूमवाला पंधरा मिनिटं हायवेवर फिरवून आणतो, आपण खूश होऊन चेक फाडून मोकळे. पण अडीचशे किलोची गाडी खरी रडवते ती थांबताना, वळवताना नाहीतर पार्किंगमधून मागे ढकलताना. म्हणून वेग सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी इंजिन बंदच ठेवा. रायडिंगचे बूट घालून जा, चपलेवर नको. सीट ८५० एमएम उंच आहे एवढ्यावरून काही कळत नाही, कारण सीट रुंद असेल तर त्याच उंचीवर पाय कमी पोचतो. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही, एका पायाचा पूर्ण तळवा टेकला की झालं, पण तो सपाट फरशीवर नाही तर उतारावर टेकला पाहिजे, आपल्याकडे सपाट जागा असते कुठे? मग खाली उतरून गाडी चढावर दहा पावलं मागे ढकला, सेल्समनला हात लावू देऊ नका. जमलं तर टाकी फुल असताना बघा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे ३० लिटरच्या टाकीत बावीस-तेवीस किलो होतात आणि तेही सगळं वरच्या अंगाला.

मी हे शिकलो गोव्यातल्या केरीला. चोर्ला घाट उतरून चहाला थांबलो, उजवा पाय नेमका खडीवर टेकला आणि गाडी अगदी सावकाश, जणू विचार करून, आडवी झाली. सायकलवरून जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पाव बाजूला ठेवून धावत आला म्हणून उचलली गेली. तेव्हापासून सांगतो, गाडी पडल्यावर एकट्याने उचलायची रीत आधी शिका. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, गिअरमध्ये टाका, हँडल पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला ढुंगण लावा आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जा. कंबरेने ओढलीत तर ट्रिप तिथेच संपली.

यानंतर शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजाराजवळच्या गर्दीतून न्या. थट्टा करत नाही. फॅन सुरू झाल्यावर गरम हवा नेमकी कुठल्या मांडीवर येते, क्लच धरून बोटं भरून येतात का, पहिल्या गिअरमध्ये झटके देते का, हे मे महिन्यातल्या त्या वीस मिनिटांत कळतं. मग चोर्ला किंवा अनमोड घाट. अवघड वळणावर थ्रॉटल बंद करून परत हळूच उघडताना गाडी उडी मारत असेल तर ओल्या रस्त्यावर तीच उडी महागात पडते.

सीटचा निकाल मात्र दुसऱ्या तासानंतरच लागतो आणि इथे गोंयकाराची पंचाईत, कारण पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आख्खा हायवे धरला तरी दीडशे किलोमीटर भरत नाहीत. पेट्रोल माझं म्हणून सांगा, दोन-तीन तास मागा, बेळगावपर्यंत जाऊन या. हेल्मेटमध्ये फार घोंघावत असेल तर चालत्या गाडीवर जरासं उभं राहून बघा, आवाज कमी झाला तर दोष हेल्मेटचा नाही, गाडीच्या पुढच्या काचेच्या उंचीचा. बायको मागे बसणार असेल तर तिला त्याच दिवशी न्या, तिची मान आणि गुडघे काय म्हणतात ते ब्रोशरमध्ये नसतं.

वजनाचं गणितही करा. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचं तयार वजन २४९ किलो आणि एकूण मर्यादा ४६५, म्हणजे उरले २१६. त्यात दोन माणसं, तीन पेट्या आणि क्रॅश गार्ड धरले की किती उरतं बघा.

पंक्चरचं तर लोक विचारतच नाहीत. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीईला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब आहे, खराब रस्त्याला झकास, पण खिळा घुसला तर चाक उतरवावं लागणार. ट्यूबलेसला प्लग मारला की निघालात. चेन असेल तर दर पाच-सातशे किलोमीटरला तेल हवं, पावसात त्याहून लवकर. चेनऐवजी शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) असेल तर ती कटकट नाही, पण वजन आणि किंमत जास्त.

जुनी घेत असाल तर समुद्राकाठची गाडी जरा संशयानेच बघा, खाऱ्या हवेने स्पोक, नट आणि सीटखालचे कनेक्टर खाल्लेले असतात. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीवर तेलाचं वर्तुळ दिसलं तर सील गेलं समजा. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही शिल्लक असू दे, असा टायर बदलायचाच आणि ते पैसे किमतीतून कापून मागायचे. आणि पोचल्या पोचल्या इंजिनला हळूच हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय, मग गप्पा मारत चहा घ्या, थंड होईपर्यंत बसा, थंड इंजिन पहिल्यांदा कसं सुरू होतं ते ऐकल्याशिवाय टोकन देऊ नका.