विज्ञानकथांच्या संकलन-मालिकांची तुलना कशी करावी

ज्या मालिकांचा प्रत्येक भाग म्हणजे स्वतंत्र कथा असते, त्यांची तुलना करताना पूर्ण हंगाम समोरासमोर ठेवू नयेत. एकाच विषयावरचा एकेक भाग निवडून ते लागोपाठ पाहावेत. उदाहरणार्थ, स्मृती हा विषय घ्यावा. २०११ मध्ये चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीवर सुरू झालेल्या ‘ब्लॅक मिरर’च्या पहिल्या हंगामातील ‘दि एन्टायर हिस्टरी ऑफ यू’ या भागात कानामागे बसवलेले यंत्र पाहिले-ऐकलेले सारे साठवते, आणि संशयाने पछाडलेला नवरा मेजवानीतले बायकोचे हसणे पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतो. येथे यंत्र बिघडत नाही, उलट चोख चालते आणि त्यामुळेच संसार मोडतो. हे लेखनकौशल्य मला या प्रकारात सर्वांत मोलाचे वाटते. त्यानंतर ‘लव्ह, डेथ अँड रोबोट्स’मधील (२०१९) ‘झीमा ब्लू’ हा जेमतेम दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट पाहावा, ज्यात एक जगविख्यात चित्रकार निळ्या रंगाचा माग काढत स्वतःच्या उगमापर्यंत पोहोचतो.

कल्पित जगाचे नियम केव्हा कळले आणि शेवट त्या नियमांतूनच आला का, हे टिपून ठेवावे. धक्क्यावर मात्र गुण देऊ नयेत, कारण दुसऱ्यांदा पाहताना तो उरत नाही.

‘टेल्स फ्रॉम द लूप’ (२०२०) या पद्धतीत बसत नाही. सिमोन स्टोलेनहाग यांच्या चित्रांवर आधारलेल्या या मालिकेत एकाच गावातली माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून ती क्रमानेच पाहावी. फिलिप के. डिक यांच्या कथांवरील ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’ (२०१७) मात्र कोठूनही सुरू करता येते.