लघुग्रह आदळणार म्हणे? फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी नाही’ आणि ‘पृथ्वीवर लघुग्रह आदळणार’ हे दोन्ही मेसेज सारख्याच घाईने येतात. पाणी लगेच भरून ठेवा. दुसरं आधी तपासा.

मेसेजमध्ये लघुग्रहाचं नाव शोधा. नावच नसेल तर मी पुढे वाचतही नाही. असेल तर नासाच्या ‘सेन्ट्री’ यादीत बघा. टक्कर होण्याची किंचितही शक्यता असलेले तिथे सापडतात. शेजारी टोरिनो आकडा असतो, धोका किती ते सांगणारा, ० ते १०. ० म्हणजे खुशाल झोपा. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २०२५च्या सुरुवातीला ३ वर गेला, टक्कर होण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या वर. मग निरीक्षणं वाढली, कक्षा नेमकी कळली आणि फेब्रुवारीतच तो ० वर आला. आकडा आधी चढतो, मग कोसळतो, हे नेहमीचंच.

अंतर किलोमीटरमध्ये दिलं असेल तर ३,८४,००० ने भागा, चंद्राच्या अंतराच्या किती पट ते कळेल. (आमच्या ग्रुपवर एवढा भागाकार कोणी करत नाही, हे वेगळं.)

आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला, तर मात्र खिडकीशी जाऊ नका. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला. उजेड आधी, हादरा मिनिटाभराहून उशिरा. तोवर लोक काचेला नाक लावून उभे, आणि बहुतेक जखमा त्या काचांनीच झाल्या. काचेच्या आयटी इमारतीत बसणाऱ्यांनी सरळ जिन्याकडे जावं आणि पाचेक मिनिटं तिथेच थांबावं.