जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या सिस्टरांनी बी.एस्सी.चा फॉर्म भरण्याआधी

मोबाइलवर ‘ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग’ची जाहिरात दिसली की लगेच नंबर देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२० च्या नियमांनी नर्सिंगला ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीसाठी मनाई असलेल्या विषयांत टाकलं आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरचा) बी.एस्सी. नर्सिंग हा नोकरीतल्या सिस्टरांसाठीचा दूरस्थ अभ्यासक्रम आहे खरा, पण तो भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेनं चालतो आणि त्यातली प्रात्यक्षिकं हॉस्पिटलमध्ये हजर राहूनच करावी लागतात. तेव्हा ‘मॅडम, कॉलेजला यायची गरज नाही, आज सीट बुक करा’ असं कोणी म्हणालं की बोलणं तिथंच संपवावं. रुग्णाला हात न लावता मिळणारी नर्सिंगची पदवी मला तरी कुठल्या अंगानं पटत नाही.

‘आर.एन. टू बी.एस.एन. (नोंदणीकृत नर्सला नर्सिंगची पदवी), शंभर टक्के ऑनलाइन’ या जाहिराती मात्र खोट्या नसतात, त्या आपल्यासाठी नसतात. अमेरिकेत असे अभ्यासक्रम सर्रास चालतात. तिथं सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांची मान्यता बघतात आणि प्रवेशाला सहसा तिथलंच नर्सिंग लायसन्स लागतं. साताऱ्यात बसून, महाराष्ट्राच्या नोंदणीवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

मग पहिला प्रश्न असा विचारायचा: पदवी हातात आल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल ती माझ्या नोंदणीत चढवेल का? उत्तर एजंटाकडून घेऊ नका, कौन्सिलकडून घ्या. ‘यूजीसी मान्य’ हे शब्द विद्यापीठाबद्दल असतात. आपल्याला त्या कॉलेजच्या त्या अभ्यासक्रमाची, त्या वर्षाची मान्यता हवी. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर राज्यवार याद्या असतात, त्यात नाव शोधा आणि पानाची प्रिंट काढून फाइलला लावा. सांगली-मिरजेला कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सीमेपलीकडच्या कॉलेजची नावं घेऊन येणारेही भेटतात. राज्य दुसरं असलं म्हणून पदवी खोटी ठरत नाही, पण चौकशी दुप्पट करावी.

पदवी कशासाठी हवी हे स्वतःशी ठरवून घ्या, कारण त्यावर मार्ग बदलतो. एम.एस्सी. करून पुढं पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग शिकवणारी) व्हायचं असेल तर पदवीला पर्याय नाही. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, मात्र जीएनएमवरही देता येते, फक्त ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो. एवढ्यासाठीच पदवी करायला निघाला असाल तर आधी ती परीक्षा देऊन बघा. सरकारी सेवेत असाल तर पदवीनं नेमकं काय वाढतं, हे आस्थापनेच्या क्लार्कला विचारा. वॉर्डातल्या गप्पांवर विसंबू नका.

नियमित पोस्ट बेसिक २ वर्षांचा, पूर्ण वेळ. इग्नूचा किमान ३ वर्षांचा. त्याला बारावीनंतर जीएनएम, आर.एन.आर.एम. (नर्स आणि मिडवाइफ म्हणून) नोंदणी आणि नंतरचा २ वर्षांचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षाही असते. आपल्या भागात कराड, सांगली, मिरज इथं नर्सिंगचं शिक्षण जुनंच आहे, म्हणून नियमितचा मोह होतो. त्यात एक धोका सांगून ठेवते. ‘नाव इथं ठेवा, हजेरीचं आम्ही बघतो, नोकरी चालू द्या’ असं सांगणारे भेटतील. पुढं अर्जासोबत पूर्ण वेळ कॉलेजची गुणपत्रिका आणि त्याच तारखांचा पूर्ण वेळ नोकरीचा दाखला एकत्र गेला, की छाननी करणारा दोन्ही कागद बाजूला काढतो. परदेशाच्या अर्जात तर थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास विषयवार मागतात. नियमित करायचं तर अध्ययन रजा किंवा राजीनामा, मधला रस्ता नको.

कागद आजच काढून बघा. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, नोंदणीवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘सिस्टर’ आणि आडनाव. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत यासाठी फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका. नोंदणीचं ५ वर्षांचं नूतनीकरण संपत आलेलं नाही ना, बघा. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, पद, सही-शिक्का हवा. खाटांची संख्याही लिहून घ्या, पुढं लागते. नोकरी सोडलेल्या खासगी हॉस्पिटलचा दाखला आधी मिळवा. तिथली मेट्रन बदलली की कागद मिळणं अवघड. दूरस्थ प्रवेशाला २०२४ पासून डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवरून (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या क्रमांकावरून) निघतो, आणि तिथंही नावाचं स्पेलिंग आडवं येतं.

मग ड्यूटी. प्रात्यक्षिकाचं केंद्र कोणतं, दिवस सलग की सुटे, हे विचारल्याशिवाय फी भरू नका. आपण आयसीयूत १० वर्षं काढलेली असली तरी लेबर रूम, बालरोग, खेड्यातलं काम हे सगळं करावंच लागतं. मानसिक आरोग्यासाठी कुठं पाठवतात हे मुद्दाम विचारा. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे आपल्याला कुठंही जायचं तर वाटेत घाट आहेच. हे कळलं की इन्चार्ज सिस्टरांना आणि मेट्रनना तोंडी नव्हे, अर्जानं कळवा आणि पोच घ्या. सरकारी नोकरीत पूर्वपरवानगी, खासगीत ना हरकत दाखला. ऑफ बदलून देणाऱ्या दोन मैत्रिणी आधीच पक्क्या करा; त्यांच्या बदल्यात दिवाळीची नाइट आपल्याला पडणार, तेही कबूल करा.

फीबद्दल थोडक्यात: वर्षाची फी, परीक्षेची, प्रात्यक्षिकाची आणि राहण्याची वेगवेगळी लेखी मागा, आणि पावती नसेल तिथं रुपया देऊ नका.

अभ्यास इंग्रजीत आहे. जीएनएमची पुस्तकं अजून घरात असतील तर अ‍ॅनाटॉमी आणि फंडामेंटल्स चाळायला लागा. संशोधन आणि संख्याशास्त्र मात्र नव्यानंच शिकावं लागतं, त्यासाठी घरातलं बारावी-सायन्सवालं पोर कामाला लावा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात. त्या महिन्यांच्या रजा आणि घरातली लग्नकार्यं एकदा समोरासमोर ठेवून बघा. आणि प्रवेश परीक्षेला पुण्याचं केंद्र मिळालं तर आदल्या दिवशीची नाइट वेळेत बदलून घ्या; सकाळी ८ ला हँडओव्हर देऊन साताऱ्याहून निघालं तर परीक्षेचं दार बंद झालेलं असतं.