निनावी खात्यावरून त्रास होत असेल तर काय करावं

माझी मामेबहीण घरी मसाले करून विकते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. गेल्या पावसाळ्यात एका खात्यावरून तिला घाणेरडे मेसेज यायला लागले. फोटोच्या जागी सूर्यफूल, नावाच्या जागी नुसते आकडे. तिसऱ्या दिवशी ‘तुझं घर कुठल्या गल्लीत आहे ते माहितीये’ असं आलं, तेव्हा तिने घाबरून सगळं पुसलं, खातं ब्लॉक केलं आणि मग मला फोन केला. आम्ही पोलीस चौकीत गेलो, पण दाखवायला हातात काहीच नव्हतं.

म्हणून पहिली पायरी: काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, तो कापू नका. तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि मागचापुढचा संवाद दिसला पाहिजे. नाव एका रात्रीत बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. मेसेजवरून त्या प्रोफाइलवर जाताना स्क्रीन रेकॉर्डिंग केलंत तर फारच चांगलं. हे सगळं स्वतःलाच ईमेल करा. फोन बिघडला तरी पुरावा राहतो.

मग शांतपणे मजकूर वाचा. ‘चटणी खारट होती, पैसे वाया गेले’ हे झोंबतं, पण ती टीका आहे, आणि नाव लपवून टीका करणं हा गुन्हा नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावानेच पत्रं लिहिली, सरकारी नोकरीत असताना, आणि आपल्याच समाजावर कोरडे ओढले. आजही कारखान्यातला गैरप्रकार उघड करणारा कामगार किंवा घरातल्या मारहाणीबद्दल बोलणारी बाई टोपणनावाच्या आडोशाला उभी असते. तो आडोसा मोडावा असं मला अजिबात वाटत नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती केली होती. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा नाव खरं की खोटं यावर अडू नका. बोलणं तुमच्या कामावर आहे की तुमच्या शरीरावर, जातीवर, घराच्या पत्त्यावर, ते पाहा.

दुसऱ्या प्रकारचं असेल तर उत्तर एकदाच द्या: ‘मला पुन्हा मेसेज करू नका.’ शिवी नको, कारण विचारू नका. या एका ओळीला वजन आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला तर तो पाठलागाचा गुन्हा ठरतो. नकाराचाही स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर एक अक्षरही लिहू नका.

आता रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केल्यावर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, समोरच्याला कळवलं जात नाही. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याच्या पर्यायावर खूण आधीच केलेली दिसली तर ती काढा, नाहीतर पुरावा जाईल. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

इन्स्टाग्रामवर नको असलेले शब्द गाळण्याची सोय आहे. त्यात आपल्या भाषेतल्या शिव्या स्वतः भरा, देवनागरीतही आणि रोमनमध्येही, आणि रोमनमध्ये एकाच शिवीची दोन-तीन स्पेलिंगं. हे काम किळसवाणं आहे, म्हणून आम्ही ते बहिणीला करू दिलं नाही. तिच्या भावाने बसून यादी केली.

धमकी, पाठलाग किंवा फोटोशी छेडछाड असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. स्त्रिया आणि मुलांच्या प्रकरणांत नाव न देताही तक्रार करता येते, पण पुढे काय झालं ते कळायला हवं असेल तर नावाने करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा, असेल तर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो; ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाचा एफआयआर मागा. ओळख लपवून धमकी दिली तर न्याय संहितेच्याच कलम ३५१ खाली दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा आहे. उशीर मात्र करू नका: काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणं नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केलंय, त्यापुढची खात्री नाही.

आणि हे स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकू नका. कुणीतरी तापट चुलतभाऊ स्वतःच्या नावाने त्या खात्याला शिव्या घालतो, आणि मग पोलिसांपुढे दोन्हीकडचे स्क्रीनशॉट येतात.